सही नसलेला चषक: डनव्हेगनच्या ‘आमेन ग्लास’चा कर्ता कोण?

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या स्काय बेटावर डनव्हेगन नावाचा किल्ला आहे. मॅक्लाउड कुळाच्या प्रमुखांचे हे पिढीजात घर आहे. तिथे जपून ठेवलेल्या वस्तूंमध्ये एक काचेचा चषक आहे. तो डोनल्ड मॅक्लाउड नावाच्या म्हाताऱ्या खलाशाचा होता, त्यावर 1747 हे साल आहे, आणि ज्या जातीच्या चषकांमध्ये त्याची गणना होते त्यांना जाणकार ‘आमेन ग्लास’ म्हणतात, कारण त्यांच्यावर कोरलेल्या प्रार्थनेचा शेवट ‘आमेन’ या शब्दाने होतो. असे अस्सल मानले गेलेले चषक जगात चाळिसाच्या आतबाहेरच आहेत. एकावरही कोरणाऱ्याची सही नाही. ती नसण्याला सबळ कारण होते, कारण जे कोरले होते त्याबद्दल त्या काळात माणूस फासावर जाऊ शकला असता.

तरीही आज हे काम रॉबर्ट स्ट्रेंज या एकाच माणसाचे समजले जाते. तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करणारा हा कारागीर पुढे ‘सर’ झाला. सही नाही, हिशेबाची वही नाही, एकाही पत्रात उल्लेख नाही, अशा स्थितीत हे नाव पुढे कसे आले आणि त्यावर किती भरवसा ठेवावा, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

काचेवरचा मजकूर

कर्त्याचा शोध मजकुरापासूनच सुरू करावा लागतो, कारण मजकूरच सर्वांत जास्त बोलतो. चषकाच्या वाटीवर मुकुट असतो आणि त्याखाली एक गुंफलेले बोधचिन्ह. ‘जे’ आणि ‘आर’ ही रोमन अक्षरे एकदा सरळ आणि एकदा आरशातल्यासारखी उलटी कोरून एकमेकांत अडकवलेली असतात. ‘जे’ म्हणजे जेम्स आणि ‘आर’ म्हणजे राजा या अर्थाचा लॅटिन शब्द ‘रेक्स’. या गुंफणीच्या तळाशी नीट पाहिले तर 8 हा आकडा दिसतो, आणि या आकड्यातच एका राजकीय पक्षाची सगळी भूमिका सामावलेली आहे.

1688 मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स गादीवरून हटला. स्कॉटलंडच्या गणनेत तोच सातवा जेम्स होता. त्याच वर्षी जन्मलेला त्याचा मुलगा जेम्स फ्रान्सिस एडवर्ड परदेशात वाढला आणि 1766 पर्यंत जगला. त्यालाच खरा राजा मानणाऱ्यांना, ‘जेम्स’च्या लॅटिन रूपावरून, जेकोबाइट म्हणत. इंग्लंडच्या हिशेबाने तो तिसरा जेम्स ठरला असता आणि स्कॉटलंडच्या हिशेबाने आठवा. चषकावर 8 आहे, 3 नाही. म्हणजे हे चषक घडवून घेणारे लोक, आणि बहुधा कोरणाराही, स्कॉटिश होते. कर्त्याचे वर्तुळ पहिल्यांदा लहान होते ते या एका आकड्यामुळे.

बोधचिन्हाखाली प्रार्थनेची कडवी असतात, कुठे दोन, कुठे चार. ती वाचताना आजच्या वाचकाला दचकायला होते, कारण हे शब्द ब्रिटनच्या राष्ट्रगीताचे आहेत. देव राजाचे रक्षण करो, त्याला विजयी कर, सुखी आणि वैभवशाली कर, अशी ती प्रार्थना आहे. फरक एका शब्दाचा. राष्ट्रगीतात ‘लाँग टु रेन ओव्हर अस’ आहे, म्हणजे त्याने आमच्यावर दीर्घकाळ राज्य करावे. चषकावर ‘सून टु रेन ओव्हर अस’ आहे, म्हणजे त्याने लवकर राज्यावर यावे. जो गादीवर बसलेला आहे त्याच्यासाठी दीर्घ काळ मागायचा असतो आणि जो समुद्रापलीकडे वाट पाहत बसला आहे त्याच्यासाठी लवकर येणे मागायचे असते. 28 सप्टेंबर 1745 रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात टॉमस आर्नच्या संगीतरचनेसह हे गीत दुसऱ्या जॉर्ज राजासाठी गायले गेले, आणि तिथून ते लोकप्रिय झाले. त्याच्या आठवडाभर आधीच, 21 सप्टेंबरला, प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत जेकोबाइटांनी सरकारी फौजेचा धुव्वा उडवला होता. म्हणजे एकाच चालीवर आणि जवळजवळ त्याच शब्दांत दोन्ही बाजू देवाला साकडे घालत होत्या.

दुसरे कडवे प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे जेम्सचा मुलगा राजपुत्र चार्ल्स याच्यासाठी, आहे आणि तिथे ‘ट्रू-बॉर्न’, म्हणजे खऱ्या जन्माचा, हे विशेषण मुद्दाम घातले आहे. 1688 मध्ये जेम्सच्या जन्माच्या वेळी विरोधकांनी अफवा उठवली होती की राणीला मूल झालेच नाही, अंथरूण गरम करायच्या निखाऱ्यांच्या भांड्यातून परके बाळ महालात आणले गेले. पन्नास-साठ वर्षांनंतरही ती अफवा या मंडळींना किती झोंबत होती हे त्या एका विशेषणात दिसते. त्याच कडव्यात पुढे, तू पूर्वी केलेस तसेच या घराण्याला पुन्हा गादीवर बसव, असे मागणे आहे. ‘पूर्वी’ म्हणजे 1660, जेव्हा दुसरा चार्ल्स परत आला तेव्हाचा प्रसंग. ‘ब्लेस’ हा शब्द ‘ब्लिस’ असा लिहिला आहे. स्पेलिंगची ही लकब कर्ता ओळखायच्या कामी येते, म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो.

डोनल्ड मॅक्लाउड आणि 1747 हे साल

डनव्हेगनचा चषक ज्याच्यासाठी घडला त्याची गोष्ट आपल्याला या गटातल्या बहुतेक मूळ मालकांपेक्षा जास्त तपशिलात ठाऊक आहे. याचे श्रेय लीथचे पाद्री रॉबर्ट फोर्ब्स यांना जाते. पुढे बिशप झालेल्या या गृहस्थांनी राजपुत्र चार्ल्सच्या नेतृत्वाखाली झालेल्या 1745 च्या जेकोबाइट उठावात सापडलेल्या माणसांच्या तोंडच्या हकिकती एकेक करून लिहून घेतल्या आणि काळ्या किनारीच्या पानांचे दहा हस्तलिखित खंड भरले. त्यात नुसती अक्षरे नाहीत. राजपुत्राला घेऊन गेलेल्या होडीचा लाकडी तुकडासुद्धा त्यांनी एका खंडाला जोडून ठेवला आहे. ती होडी डोनल्डची.

16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर जेकोबाइट सैन्याचा तासाभराच्या आतच निकाल लागला. जेम्सचा मुलगा चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट पळाला. त्याच्या डोक्यावर तीस हजार पौंडांचे इनाम होते. पश्चिम किनाऱ्यावर त्याने स्कायच्या गॅल्ट्रिगिल गावचा अडुसष्ट वर्षांचा डोनल्ड बोलावून घेतला, कारण त्या बेटांमधले समुद्राचे प्रवाह या माणसाला पाठ होते. राजपुत्राने आधी त्याला वेगळेच काम सांगितले. स्कायवरच्या दोन बड्या प्रमुखांना, म्हणजे सर अलेक्झांडर मॅकडोनल्ड आणि मॅक्लाउड प्रमुखाला, मदतीसाठी चिठ्ठ्या पोचवायच्या. डोनल्डने साफ नकार दिला. त्या दोघांनी आपल्याला दगा दिला आहे हे महाराजांना ठाऊक नाही का, असे त्याने तोंडावर विचारले. मॅक्लाउड त्याच्याच कुळाचा प्रमुख होता, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराचे वजन कळते.

26 एप्रिलच्या रात्री आठ वल्ह्यांच्या होडीतून ते निघाले. वादळ येणार हे डोनल्डने आधीच बजावले होते, आणि ते आलेच. सकाळी होडी बेनबेक्युला बेटावर रॉसिनिशला लागली. पुढे काही आठवडे तो राजपुत्राबरोबरच होता. जुलैमध्ये तो पकडला गेला आणि लंडनजवळ टेम्समध्ये उभ्या असलेल्या जहाजावर कैदेत राहिला. सर्वसाधारण माफीच्या सुमारास, जून 1747 मध्ये, त्याची सुटका झाली. जेकोबाइट मंडळी त्याला ‘विश्वासू पॅलिन्यूरस’ म्हणू लागली. पॅलिन्यूरस हा व्हर्जिलच्या महाकाव्यातला एनियसचा सुकाणूधारी. तो झोपेच्या गुंगीत समुद्रात पडून बुडाला, हे मात्र नाव देणाऱ्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवलेले दिसते.

आता तारखा जुळवून पाहाव्यात. फोर्ब्सनी डोनल्डची हकिकत लिहून घेतली ती 17 ऑगस्ट 1747 रोजी, एडिनबरोला लागून असलेल्या लीथ बंदरातल्या एका जेकोबाइट बाईंच्या घरी. म्हणजे लंडनहून स्कायला परतताना हा म्हातारा त्या उन्हाळ्यात एडिनबरोच्या जेकोबाइट घरांमध्ये वावरत होता. चषकावर 1747 आहे. आणि रॉबर्ट स्ट्रेंजही त्याच वर्षी एडिनबरोतच होता. यावरून काहीही सिद्ध होत नाही, पण एखादे नाव तपासायला घ्यावे की नाही हे ठरवण्याइतका योग यात नक्कीच आहे.

हिरकणीने काय साधते

जेकोबाइटांसाठी कोरलेले चषक पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर पांढऱ्या गुलाबाचे फूल, कळ्या, ओकचे पान, तारा, क्वचित ‘फियाट’ म्हणजे ‘तसे होवो’ असा एखादा लॅटिन शब्द असतो. हे काम फिरत्या तांब्याच्या चाकावर तेल आणि खरवडणारी पूड लावून केलेले आहे. त्यासाठी पायटा असलेले यंत्र लागते, दुकान लागते, शिकलेला काच-कोरक्या लागतो. शिवाय चित्रांची सोय अशी, की पकडले गेले तर गुलाब म्हणजे गुलाब, असे म्हणता येते.

आमेन चषकांचे तसे नाही. त्यांवर हिरकणीच्या टोकाने ओरखडून लिहिलेले आहे, आणि लिहिलेल्याचा दुसरा अर्थ लावायला जागाच नाही. काचवाल्याच्या दुकानात तावदान कापताना हिरकणीचा तो दातांवर येणारा किर्र आवाज आपण ऐकलेला असतो. तेच हत्यार हलक्या हाताने आणि लेखणीसारखे धरून चालवायचे. त्याला यंत्र नको, दुकान नको, मदतनीस नको. कुणाच्याही घरी मेजाशी बसून रात्रीत काम उरकावे आणि हत्यार खिशात टाकून निघून जावे. गुप्त कामाला याहून सोयीची पद्धत नव्हती.

पण तिची एक अडचण आहे आणि तीच पुढे अभ्यासकांच्या पथ्यावर पडली. हिरकणीने चित्र ठसठशीत उठत नाही. तिने रेघ उमटते, आणि रेघेत हात दिसतो. काच गुळगुळीत, वर बाकदार आणि कडक असल्यामुळे हिरकणी वळणावर घसरू पाहते. भिंगातून पाहिले तर लांब वेलांटीसारखी वळणे खरे तर छोट्या छोट्या सरळ खेचांनी जोडलेली आढळतात, आणि रेघेच्या कडेला काचेचे बारीक टवके उडालेले दिसतात. जाड रेघ हवी असेल तर दोन रेघा शेजारी ओढून मधली जागा आडव्या ओरखड्यांनी भरावी लागते. ज्याला हे लीलया जमले तो फावल्या वेळात काच ओरखडणारा हौशी माणूस नव्हता. वाटीच्या गोलाईवर कडव्यांच्या ओळी समांतर राखणे आणि अक्षरांच्या शेपट्या शेजारच्या ओळीत न घुसू देणे हे अक्षरांची मांडणी करून पोट भरणाऱ्याचेच काम आहे.

खुद्द काचेबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो. या गटातले बहुतेक चषक कर्ण्याच्या आकाराचे आहेत. वाटी आणि दांडा एकाच वितळलेल्या गोळ्यातून फुंकून व ओढून काढायचा आणि बूड वेगळे जोडायचे, असा त्यांचा साधा घाट. काच शिसे मिसळलेली, म्हणजे जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट घेतले त्या वळणाची, जड आणि किंचित करड्या झाकेची. ती फुंकणारा भट्टीवरचा कामगार कोण, हे सांगायला कोणताही मार्ग नाही, आणि त्याला बहुधा कधी कळलेही नसेल की त्याच्या हातचा साधा प्याला पुढे राजद्रोहाचा पुरावा होणार आहे. कर्ता शोधायचा म्हणजे इथे कोरणारा शोधायचा, ही मर्यादा आधीच मान्य केलेली बरी.

रॉबर्ट स्ट्रेंज हे नाव

या चषकांवरची अक्षरे एकाच हातची आहेत की काय, अशी शंका संग्राहकांना जुनीच होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये काम केलेले काचतज्ज्ञ रॉबर्ट चार्लस्टन आणि जेकोबाइट चषकांचे अभ्यासक जेफ्री सेडन यांनी 1980 च्या दशकात हे चषक एकत्रितपणे तपासले, आणि सेडन यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा निष्कर्ष सविस्तर मांडला. निष्कर्षाचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळे तोलायला हवेत. पहिला भाग असा, की अस्सल आमेन चषक एकाच हाताने लिहिले आहेत. दुसरा भाग असा, की तो हात स्ट्रेंजचा आहे.

पहिला भाग मला जवळजवळ निर्विवाद वाटतो. हस्ताक्षर ओळखणारा माणूस अक्षर सुंदर की वेडेवाकडे हे पाहत नाही. तो वळण पाहतो. रेघ कुठून सुरू होते, हात कुठे उचलला जातो, गाठ कुठल्या बाजूने घेतली आहे, दोन शब्दांत किती जागा सुटते, ओळ संपत आली की अक्षरे दाटतात की नाही, अशा गोष्टी लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाहीत आणि म्हणून त्या लपत नाहीत. तीच गुंफण, तीच मांडणी आणि ‘ब्लिस’सारखी तीच लकब वेगवेगळ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्रपणे जपलेल्या चषकांवर पुन्हा पुन्हा येत असेल, तर एकच हात मानण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसऱ्या भागासाठी स्ट्रेंजचे आयुष्य पाहावे लागते. त्याचा जन्म 1721 मध्ये ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉल इथे झाला. एडिनबरोत रिचर्ड कूपर या कोरीवकाम करणाऱ्याच्या हाताखाली तो ताम्रपट कोरायला शिकला. 1745 मध्ये जेकोबाइट सैन्य एडिनबरोत शिरले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि स्वतःचे काम करू लागला होता. इझाबेला लम्सडेन या कट्टर जेकोबाइट मुलीवर त्याचे मन बसले होते, आणि तलवार हाती घेण्याची अट तिनेच घातली असे म्हणतात. त्याने राजपुत्राचे चित्र कोरले आणि राजपुत्राच्या अंगरक्षक घोडदळात नाव नोंदवले. कलोडनच्या आधी इनव्हरनेसला असताना सैन्याचे पगार भागवण्यासाठी कागदी नोटा छापायचे ठरले, तेव्हा त्या नोटांचा ताम्रपट कोरायचे काम त्याच्याकडे आले. गुलाब आणि काटेरी थिसल यांची नक्षी त्याने योजली, काम सुरू झाले, आणि छपाई सुरू होण्याच्या आत लढाई आली. तो पत्रा 1835 मध्ये लॉख लॅगन सरोवरापाशी सापडला आणि आता फोर्ट विल्यम गावातल्या वेस्ट हायलँड म्युझियममध्ये आहे. शाही चिन्हे आणि अक्षरे कोरायला जेकोबाइटांनी नेमके कुणाला बोलावले होते, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

पराभवानंतर स्ट्रेंज काही महिने डोंगरांत लपला आणि मग एडिनबरोला आला. सैनिक झडतीला आले तेव्हा इझाबेलाने त्याला आपल्या घेरदार झग्याच्या कमच्यांखाली दडवले आणि स्वतः शिवणकाम करत गाणे म्हणत बसून राहिली, ही आख्यायिका त्या घराण्यात सांगितली जात असे. 1747 मध्ये दोघांचे लग्न झाले. त्या दिवसांत उठावातल्या पुढाऱ्यांची छोटी पेन्सिल-चित्रे एकेका गिनीला विकून तो गुजराण करत होता. गिऱ्हाईक अर्थातच जेकोबाइट घरे, म्हणजे डोनल्डला ज्यांनी डोक्यावर घेतले तीच मंडळी. हुन्नर आहे, निष्ठा आहे, पैशाची गरज आहे, ओळखी आहेत आणि नेमके त्या गावात वास्तव्य आहे. असा दुसरा कोरक्या तेव्हाच्या एडिनबरोत दाखवून देणे सोपे नाही.

शंकेला जागा कुठे उरते

तरीही दोन अडचणी मांडल्याशिवाय हे प्रकरण मिटवू नये. पहिली तंत्राची आहे. ताम्रपटावर कोरणारा अक्षरे उलटी कोरतो, कारण छापल्यावर ती सरळ उमटायची असतात. काचेवर मात्र त्याला सरळ लिहावे लागते. म्हणजे छापील चित्राखालची अक्षरे आणि काचेवरची अक्षरे शेजारी ठेवून ‘जुळतात’ असे म्हणताना आपण एका हाताच्या दोन विरुद्ध दिशांच्या हालचालींची तुलना करत असतो. अक्षराचा आकार जुळेल, पण रेघ ओढण्याची दिशा जुळलीच पाहिजे असे नाही. ही अडचण निष्कर्ष उलटवत नाही, पण त्याची धार थोडी बोथट करते. जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो: ‘जे’ आणि ‘आर’ यांची सरळ व उलटी गुंफण, जी कुणाही साध्या लेखकाला जड गेली असती, ती रोज उलटे लिहिणाऱ्या माणसाच्या हातची अगदी सहज गोष्ट होती. अशी गुंफण त्या काळी मुद्रा आणि चांदीच्या भांड्यांवर सर्रास असे, त्यामुळे हा पुरावा नव्हे, परंतु चित्राशी तो विसंगतही नाही.

दुसरी अडचण अधिक व्यावहारिक आहे. स्ट्रेंजच्या आठवणी आणि त्याच्या मेहुण्याचे, म्हणजे निर्वासित दरबारात सचिव असलेल्या ॲन्ड्र्यू लम्सडेनचे, कागद एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध झाले. त्यांत नोटांच्या ताम्रपटाची हकिकत रंगवून सांगितली आहे, पण काचेचा एक शब्द नाही. नोटांबद्दल बिनदिक्कत बोलणारा माणूस चषकांबद्दल गप्प का, हा प्रश्न रास्त आहे. मला याचे उत्तर कामाच्या स्वरूपात दिसते. नोटा हा युद्धातला प्रसंग होता, सरला आणि माफीखाली गेला. चषक माफीनंतरही गिऱ्हाइकांच्या कपाटात होते, त्यांच्यावर मालकांची नावे होती आणि बंद दारांआड ते पाण्याच्या भांड्यावरून फिरवून ‘पाण्यापलीकडच्या राजा’च्या नावाने उचलले जात होते. कोरणाऱ्याने तोंड उघडले असते तर अडकला असता तो गिऱ्हाईक.

खोट्या मालाचा धोकाही या क्षेत्रात मोठा आहे. जुना साधा चषक स्वस्तात घ्यायचा आणि त्यावर नवे कोरीवकाम करून महागात विकायचा, हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आला. डब्लिनमध्ये स्थायिक झालेला बोहेमियन काच-कोरक्या फ्रान्झ टीझे, जो 1842 ते 1932 या काळात होऊन गेला, त्याच्या हातचे कितीतरी ‘ऐतिहासिक’ चषक संग्रहालयांत अस्सल म्हणून मांडलेले होते, हे पीटर फ्रान्सिस या अभ्यासकाने 1990 च्या दशकात दाखवून दिले. आमेन चषकांच्याही नकला आहेत. अशा वेळी काचेचे वय पाहून भागत नाही, कारण काच खरोखरच जुनी असते. बुडाखालची फुंकणीच्या दांड्याची तुटक खूण, बुडाच्या कडेला वर्षानुवर्षे घासून आलेला सर्व दिशांचा अस्ताव्यस्त ओरखडा, हे सगळे खरे असूनही वरचा मजकूर कालचा असू शकतो. म्हणूनच एकाच हाताचा शोध इतका कामाचा ठरला. तो हात एकदा नीट ओळखता आला की नकली चषक त्याच्या शेजारी ठेवताच अडखळतो. शिवाय डनव्हेगनच्या चषकासारखा, मूळ मालकाच्या नावासकट एकाच कुळाच्या मुलखात राहिलेला नमुना हा या सगळ्या तुलनेचा भक्कम टेकू आहे.

माझ्यापुरता निवाडा असा: चषक एकाच हातचे, याबद्दल शंका ठेवण्याचे कारण नाही. तो हात स्ट्रेंजचा, हे न्यायालयात टिकेल अशा अर्थाने सिद्ध झालेले नाही, पण संग्रहालयाच्या पाटीवर ‘रॉबर्ट स्ट्रेंजचे मानले जाते’ असे लिहायला जितका आधार लागतो त्याहून पुष्कळ अधिक आधार इथे आहे.

स्ट्रेंज पुढे फ्रान्सला गेला, पॅरिसमध्ये ल बा यांच्याकडे आणखी शिकला, इटलीतल्या थोर चित्रकारांच्या कृती ताम्रपटावर उतरवून युरोपभर नावाजला गेला. 1787 मध्ये तिसऱ्या जॉर्जने, म्हणजे ज्या घराण्याला हटवण्यासाठी त्याने तलवार घेतली त्याच घराण्याच्या राजाने, त्याला सरदारकी दिली. जेकोबाइट या घराण्याच्या राजाला राजा न म्हणता त्याच्या जर्मनीतल्या पदावरून नुसता ‘हनोव्हरचा इलेक्टर’ म्हणत. त्या वेळी, हनोव्हरच्या इलेक्टरकडून सरदारकी घ्यायला हरकत नाही ना, असे राजानेच गमतीने विचारले, असे सांगतात. ‘लेडी स्ट्रेंज’ झालेली इझाबेला मात्र शेवटपर्यंत बदलली नाही, आणि तिच्यासमोर कुणी चार्ल्सला ‘प्रिटेंडर’, म्हणजे तोतया दावेदार म्हटले तर ती शिव्या घालत असे.

डोनल्ड स्कायला परतला आणि 1749 च्या मे महिन्यात गॅल्ट्रिगिललाच वारला. ज्या प्रमुखाकडे चिठ्ठी न्यायला त्याने नकार दिला होता, त्या नॉर्मन मॅक्लाउडने उठावात सरकारची बाजू घेतली होती. म्हाताऱ्याचा चषक आता त्याच नॉर्मनच्या वंशजांच्या किल्ल्यात आहे, आणि ‘लवकर’ हा शब्द त्यावर अजून स्पष्ट वाचता येतो.